अठ्ठावीस किलोची मोटर आणि देव्हाऱ्याची जाळी

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पुरवणीत घरच्या घरी सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन) बनवायचा लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, कात्री लावून जपून पण ठेवलाय. लेख चांगलाच आहे, फोटो छान आहेत, फ्रेमचं माप दिलंय, रेल कशी लेव्हल करायची तेही दिलंय. फक्त मोटर आणि ड्राइव्हचा (मोटरला करंट देणाऱ्या डबीचा) विषय चार ओळीत उरकलाय आणि त्या चार ओळींवर माझा आक्षेप आहे. त्यात लिहिलंय की मोटर जितकी जास्त किलोची (वजनाचे नाही, पिळायच्या जोराचे किलो) तितकी चांगली, २८ किलोची घेतली की चिंता मिटली, आणि ड्राइव्ह टीबी६६०० घ्या, स्वस्तात मस्त. साहेब, हेच ऐकून मी दोन वर्षांपूर्वी मशीन बांधलं आणि पुढचे चार महिने डोकं धरून बसलो, म्हणून हे लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण मधला वजनकाट्याचा भाग कापू नका.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, भोसरीत एका कंपनीत मेंटेनन्सला तीस वर्षं काढली, आता रिटायर. पॅनल उघडायची सवय आहे, पण कंपनीत मोटर बिघडली की तीच मोटर त्याच नंबरची बसवायची, निवडायची कधी वेळच आली नाही. निवडणं हे वेगळंच काम आहे हे घरी मशीन बांधताना कळलं. आमच्या इथे एक सुतार आहेत, देव्हारे करतात, त्यांना जाळी कापून द्यायची म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये २ फूट बाय २ फुटाचं मशीन उभं केलं. बॉल स्क्रू १६१०, म्हणजे १६ एमएम जाड आणि एका फेरीत १० एमएम पुढे जाणारा. गॅन्ट्री, म्हणजे मशीनचा सरकणारा पूल, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) धरून २२ किलोची झाली. मोटर, ड्राइव्ह, पॉवर सप्लाय असा सगळा सेट एकाच दुकानदाराकडून घेतला, त्यानेच जोडणीचा कागद दिला, तीन मोटरी २८ किलोच्या, तीन टीबी६६००, आणि एक २४ व्होल्टचा सप्लाय.

पहिली जाळी एमडीएफमध्ये कापली, हवेत तरंगत होतो. दुसरी सागाची. तिच्या शेवटच्या ओळीतली फुलं सगळी एका बाजूला सरकलेली. सुतार काही बोलले नाहीत, जाळी उजेडात धरली, परत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, भाऊ, देव तिरका बसेल. सागाच्या फळीचा भाव तुम्हाला माहीतच असेल.

मी आधी स्क्रूवर संशय घेतला, मग कपलरवर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा), मग सॉफ्टवेअरवर. कपलरचे ग्रब स्क्रू तीनदा आवळले. शेवटी माझा भाचा आला, चाकणला एका कंपनीत ऑटोमेशनला आहे, त्याने कपलरवर आणि मोटरच्या तोंडावर मार्करने एक रेघ मारली, गॅन्ट्रीला डायल गेज (बारीक फरक मोजायचं घड्याळ) लावला, आणि मशीन पन्नास वेळा पुढेमागे पळवलं. परत आल्यावर डायल बघितला तर फरक ०.४ एमएम. परत पळवलं, ०.६. परत, १.४. भाचा हसायला लागला. मामा, म्हणे, हे सगळे आकडे ०.२ च्या पाढ्यातले आहेत. बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई) असता तर फरक दर वेळी साधारण तेवढाच राहिला असता, वाढत गेला नसता. आपली मोटर स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी, फेरीला २०० स्टेपची, आणि स्टेपर एकदा सुटला की परत पकडताना चार पूर्ण स्टेपच्या पटीतच पकडतो, आणि चार स्टेप म्हणजे फेरीचा पन्नासावा भाग, १० एमएमच्या स्क्रूवर ०.२ एमएम. म्हणजे मोटर स्टेप खातेय. तीस वर्षं पॅनलमध्ये हात घालून मला हे माहीत नव्हतं, लपवण्यात अर्थ नाही.

मी म्हणलं अरे २८ किलोची मोटर, स्टेप कशी खाईल. तर तो म्हणाला २८ किलो कधी, उभी असताना.

आता हीच गोष्ट त्या लेखात यायला पाहिजे होती. मोटरवर जो किलो-सेंटीमीटरचा आकडा असतो तो होल्डिंग टॉर्क, म्हणजे मोटर जागेवर उभी आहे, कॉइलमध्ये पूर्ण करंट आहे आणि तुम्ही शाफ्ट पिळायला बघताय तेव्हाचा. मोटर फिरायला लागली की हा आकडा उतरणीला लागतो, आणि किती वेगाने उतरतो ते मोटरच्या आकारावर नाही तर कॉइलच्या इंडक्टन्सवर आणि तुम्ही किती व्होल्ट देताय त्यावर ठरतं. कारण सरळ आहे, प्रत्येक स्टेपला कॉइलमधला करंट उलटा करावा लागतो, आणि इंडक्टन्स जास्त असेल तर करंट चढायला वेळ लागतो, मोटर जोरात पळत असेल तर करंट पूर्ण चढायच्या आतच पुढची स्टेप येते. नळ बारीक, बादली मोठी, आणि बादली भरायच्या आत कोणीतरी ओढून नेतंय, असं समजा. त्यात फिरणारी मोटर स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते तो वेगळाच. म्हणून मोठी मोटर कमी व्होल्टवर चालवली तर ती जोरात पळताना लहान मोटरपेक्षा पण मरतुकडी होऊ शकते. मोटरीला नेमा २३ म्हणतात तो आकडा तर ताकदीचा नाहीच, तो फक्त तोंडाच्या चौकोनाचं माप, नावाला २.३ इंच, प्रत्यक्षात ५७ एमएम. नेमा १७ म्हणजे ४२, नेमा ३४ म्हणजे ८६. आमच्या गल्लीत एक जण नेमा ३४ म्हणजे ३४ किलोची समजून बसला होता.

हे नुसतं ऐकून माझा विश्वास बसला नाही, म्हणून आम्ही काटा लावला. रद्दीवाल्याकडे असतो तो हुकाचा गोल डायलचा ५० किलोचा काटा मागून आणला (रद्दीवाल्याला वाटलं मी पण रद्दीच्या धंद्यात उतरतोय). पहिलं काम, कपलर सैल केला आणि काट्याने गॅन्ट्री हळूहळू ओढली. ४ किलोला सरकली. म्हणजे रेल, सील, नट सगळ्याचं मिळून घर्षण ४ किलो. मग काट्याचं एक टोक गॅन्ट्रीला, दुसऱ्या टोकाला स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि ट्यूब भिंतीतल्या हुकाला. ट्यूब यासाठी की झटका न बसता ताण हळूहळू वाढावा. आणि मशीन ८००० च्या रॅपिडला (न कापता मोकळं पळवायची चाल) सोडलं, म्हणजे मिनिटाला ८ मीटर, १० च्या स्क्रूवर ८०० आरपीएम. काटा ५, ७, ८, आणि ९ ला मोटर किंचाळून जागेवर थरथरायला लागली. नऊ किलो, साहेब. तीच गॅन्ट्री ६०० च्या चालीने हळू सोडली तर काटा शेवटपर्यंत गेला आणि मीच घाबरून इमर्जन्सी दाबली. मोटर तीच, ड्राइव्ह तोच, फरक फक्त चालीचा.

आता हिशोब बघा, कारण लेखात हिशोबच नव्हता. मशीनला लागतं किती? घर्षण ४ किलो. गॅन्ट्री २२ किलोची, अॅक्सिलरेशन सेकंदाला सेकंदाला ५०० एमएम ठेवलं होतं, त्याचे साधारण १.१ किलो. भुशाच्या व्हॅक्यूमचा पाइप मागे ओढला जातो त्याचे मी ३ धरले, मोजून. झाले ८. दुप्पट करा, १६. आता ही ताकद किलोत, स्क्रूची एका फेरीची चाल सेंटीमीटरात, दोघांचा गुणाकार, त्याला ६.२८ ने भागा आणि बॉल स्क्रू असेल तर परत ०.९ ने भागा. १६ गुणिले १ भागिले ५.६५, आले २.८. स्क्रू आणि मोटरचा रोटर गरगर फिरवायला थोडा टॉर्क लागतो तो धरून सव्वातीन किलो-सेंटीमीटर. म्हणजे लागतात सव्वातीन, मोटर अठ्ठावीसची आणि तरी मार खातेय. पाइप कुठे अडकला, रेलवर भुसा बसला, की गेल्या स्टेप. कापताना जात नव्हत्या कारण तेव्हा चाल कमी होती, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारताना जात होत्या. आणि जाळीत अशा उड्याच उड्या.

ज्यांच्याकडे बॉल स्क्रू नाही, साधा आट्यांचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू आहे, त्यांनी ०.९ च्या जागी ०.३ धरावं, म्हणजे टॉर्क तिप्पट लागतो. स्वस्त स्क्रू घेऊन मोठी मोटर घेणारे तिथेच वाचवलेले पैसे परत घालवतात.

मग भाच्याने मोटरीच्या वायरी बघितल्या. आठ वायरी. दुकानदाराच्या कागदाप्रमाणे मी सिरीजमध्ये जोडल्या होत्या. सिरीजमध्ये मोटरला करंट कमी लागतो, २.१ अँपिअर, म्हणून छोट्या ड्राइव्हवर पण २८ किलो दाखवता येतात, पण इंडक्टन्स होतो ६.८ मिलीहेन्री. त्याच वायरी पॅरलल केल्या तर इंडक्टन्स चौथाई, १.७, आणि करंट दुप्पट, ४.२. उभ्या मोटरचा टॉर्क दोन्हीकडे सारखाच, म्हणून कागदावर फरक दिसत नाही, पळताना जमीन-अस्मानाचा फरक. व्होल्टसाठी स्टेपरवाल्यांचा एक अंदाजाचा नियम आहे, मिलीहेन्रीचं वर्गमूळ काढा आणि ३२ ने गुणा, तेवढ्या व्होल्टपर्यंत त्या मोटरला चढवता येतं, त्याच्यावर गेलं की मोटर नुसती तापते. ६.८ ला येतात ८३ व्होल्ट. मी देत होतो २४. म्हणजे बैलाला पेंडीच्या जागी वास दाखवत होतो. १.७ ला येतात साधारण ४२, म्हणजे ३६ व्होल्टच्या सप्लायमध्ये काम भागतं.

आठ वायरी जोडताना एक जपायचं. कॉइलच्या जोड्या मीटरने सापडतात, मीटर नसेल तर दोन वायरी एकमेकांना चिकटवून शाफ्ट बोटांनी फिरवा, जड लागला तर ती जोडी. पण पॅरलल करताना दोन अर्ध्या कॉइलची दिशा जुळली पाहिजे, एक उलटी लागली तर दोघी एकमेकींना खातात, मोटर गुरगुरते, तापते आणि फिरत काही नाही. माझी एक लागली होती. रंगांवर भरवसा ठेवू नका, मोटरबरोबरचा कागद बघा, आणि कागद नसेल तर ती मोटर घेऊच नका, मग कितीही किलोची असो.

आता ४.२ अँपिअर म्हणलं की टीबी६६०० ची पंचाईत. काळ्या डबीवर ४ अँपिअर, ४२ व्होल्ट छापलेलं असतं. पण मजा अशी की तोशिबाच्या खऱ्या टीबी६६०० चिपला मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आणखी बारीक तुकडे) १६ पर्यंतच आहेत आणि माझ्या डबीवर ३२ ची पण सेटिंग होती. म्हणजे आतली चिप दुसरीच, नाव टीबी६६००. उघडून बघितलं, खरंच दुसरी. चिप वाईट नाही, छोट्या मोटरीला ठीक चालते, पण डबीवर काहीतरी छापायचं आणि आत काहीतरी घालायचं, आणि ते आपण चार-चार अँपिअरने रोज सहा तास चालवायचं, हे काही मला पटत नाही. मी डीएम५४२ जातीचे तीन ड्राइव्ह घेतले, २० ते ५० व्होल्ट, शिखराला ४.२ अँपिअर, बरोब्बर बसले. दाम दुपटीहून जास्त, खोटं बोलणार नाही. पण मोटर कमी गुरगुरते, मधल्या वेगाला जो थरथराट व्हायचा तो जवळजवळ गेला. ड्राइव्हवर चौथा स्विच असतो, मशीन उभं असताना करंट अर्धा करायचा, तो अर्ध्यावर ठेवा, मोटर कमी तापते. तसा स्टेपर तापतोच, हात ठेववत नाही इतका तापला तरी लगेच घाबरू नका, हिने एकदा बोट लावलं आणि मला शेडमधून हाकलूनच दिलं होतं, जळतंय म्हणून.

सप्लाय ३६ व्होल्टचा घेतला. ४८ चा का नाही, ड्राइव्ह ५० चा आहे ना, असं मला दोघांनी विचारलं. अहो २२ किलोची गॅन्ट्री पळत येऊन ब्रेक मारते तेव्हा मोटर जनरेटर होते आणि ती वीज सप्लायकडे उलटी येते, व्होल्ट वर उडतो. ४८ वर चालवलं तर वर दोनच व्होल्टची जागा. ड्राइव्ह आज नाही तर उद्या धूर सोडणार. करंटचं म्हणाल तर तीन मोटरी गुणिले ४.२ म्हणजे १२.६, त्याच्या दोन-तृतीयांश धरा, साडेआठ अँपिअर झाले, ३५० वॅटचा सप्लाय पुरतो. आणि चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, सैल पण सोडायची नाही, तेवढ्याने ड्राइव्ह जातो. हे मला ठाऊक होतं तरी एक घालवला. क्रिम्प नीट बसलं नव्हतं.

परत काटा लावला. तीच मोटर, तोच स्क्रू, तीच ८००० ची चाल. ९ ला थांबणारी मोटर २० ला गेली, ३० ला गेली, ३८ ला ट्यूबची गाठ सुटली आणि काटा माझ्या पायाशी येऊन पडला. मोटर थांबलीच नाही. भाचा म्हणाला मामा गाठ नीट बांधून परत करू, मी म्हणलं नको, मला पटलं.

तर मुद्दा हा की माझ्या मोटरी चुकीच्या नव्हत्या. मोटर, तिची जोडणी, ड्राइव्ह आणि सप्लाय हे एकाच हिशोबात बसवायचे असतात, आणि तो हिशोब स्क्रूपासून आणि चालीपासून सुरू होतो, मोटरच्या किलोपासून नाही. आधी किती जोर, मग किती आरपीएम, मग त्या आरपीएमला तेवढा टॉर्क कुठली मोटर किती व्होल्टवर देते ते बघायचं. त्यासाठी टॉर्क-स्पीडचा ग्राफ लागतो. चांगला विकणारा तो देतो, आणि ग्राफवर किती व्होल्टला काढलाय ते लिहिलेलं असतं, तेही वाचा, नाहीतर ग्राफ ४८ व्होल्टचा आणि आपण देणार २४.

मायक्रोस्टेपबद्दल पण लेखात एक वाक्य आहे, जितके जास्त तितकी अचूकता. हे पण अर्धवट. मी ८ वर चालवतो, फेरीला १६०० पल्स (कंट्रोलरकडून ड्राइव्हला जाणारे इशारे), म्हणजे एमएमला १६०, एका पल्सला ६ मायक्रॉनच्या आसपास. सागाला याहून बारीक काय करायचंय, सकाळ-संध्याकाळ हवेतल्या दमटपणाने लाकूड त्याहून जास्त हलतं. ड्राइव्हवर २५,६०० पर्यंत सेटिंग असते म्हणून कोणी ती लावली तर ८०० आरपीएमला सेकंदाला तीन लाख चाळीस हजार पल्स लागतील, आणि आर्डुइनो उनोवरचं जीआरबीएल (छोट्या कंट्रोलर बोर्डावरचा मशीन चालवणारा प्रोग्रॅम) साधारण ३० हजारांपर्यंतच पल्स देऊ शकतं. माझ्या ८ च्या सेटिंगला २१ हजार लागतात, बसतं. मायक्रोस्टेपने चाल गुळगुळीत होते हे खरं, पण लोड आल्यावर रोटर त्या बारीक खुणेवर थांबेलच असं नाही, आणि टॉर्क तर वाढत नाहीच.

आता लोक विचारतात मग सर्व्होच (स्वतःची जागा सतत मोजत फिरणारी मोटर) का नाही घेतली. बघा, ४०० वॅटच्या एसी सर्व्होवर टॉर्क लिहिलेला असतो १.२७ न्यूटन-मीटर, म्हणजे १३ किलो-सेंटीमीटर. दुकानात लोक हसतात, २८ च्या पुढे १३ काय. पण ते १३ शून्यापासून ३००० आरपीएमपर्यंत मिळतात, आणि क्षणभर तिप्पट. हिशोब कळला की हसू जातं. तरी माझ्यासारख्या २ फुटी मशीनला ते लग्नाच्या वरातीतला हत्ती आहे, ३००० आरपीएम मला वापरायचेच नाहीत, तसा पातळ आणि लांब स्क्रू त्या वेगाला उड्या मारायच्या दोरीसारखा फिरतो. ४ फूट बाय ८ फुटाचं मशीन, रॅक-पिनियन, दिवसभराचं जॉबवर्क, तिथे सर्व्होच घ्या, गिअरबॉक्ससकट.

भंगारातल्या सर्व्होचा मोह मात्र टाळा. कुदळवाडीत भंगाराची दुकानं होती तेव्हा, २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं पाडली त्याच्या आधी, तिथे इंपोर्टेड मशीनच्या मोटरी किलोवर मिळायच्या, माझे पण डोळे फिरले आणि एक सुंदर जपानी मोटर उचलून आणली. घरी आल्यावर कळलं की तिचा एन्कोडर (मोटर किती फिरली ते सांगणारा भाग) फक्त त्याच कंपनीच्या ड्राइव्हशी बोलतो, दुसऱ्या कोणाला ओळखच देत नाही, आणि तो ड्राइव्ह घ्यायचा तर नवीन सेटपेक्षा महाग. आता शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलीय, त्या कामाला एकदम दमदार.

मधला मार्ग म्हणून क्लोज्ड लूप स्टेपर आलाय, मागे एन्कोडर असलेला. चांगली वस्तू आहे, पण विकताना सांगतात की स्टेप जाणारच नाहीत. त्याने मोटरची ताकद वाढत नाही, मोटर मागे पडली तर ड्राइव्ह ओढून जागेवर आणायचा प्रयत्न करतो, आणि नाही जमलं तर अलार्म देतो. आणि अलार्मची वायर तुम्ही कंट्रोलरच्या होल्डला किंवा इमर्जन्सीला जोडलीच नसेल तर एक अक्ष रुसून उभा आणि बाकीचे दोन फळी फाडत चाललेत असं चित्र दिसतं. दोन वायरींचा आळस. मी एका मित्राच्या शेडमध्ये बघितलंय.

झेडचा, म्हणजे वर-खाली होणाऱ्या अक्षाचा, विषय लेखात अजिबात नव्हता. आपल्याकडे लाईट जाते हो! लाईट गेली की स्टेपरची पकड गेली, आणि १० च्या बॉल स्क्रूवर नऊ-दहा किलोचं स्पिंडल आपल्या वजनाने घसरत खाली येतं, कटर कापात असेल तर तिथेच रुतून बसतो. एक तर झेडला ब्रेकवाली मोटर घ्या, नाहीतर ५ च्या चालीचा स्क्रू आणि गॅस स्प्रिंग. मी गाडीच्या डिकीचा गॅस स्प्रिंग लावलाय, दिसायला विचित्र आहे.

आणि स्पिंडलचा ड्राइव्ह, तो व्हीएफडी. हे छापाच. २.२ किलोवॅटचं स्पिंडल २४,००० आरपीएमचं असतं, म्हणजे ४०० हर्ट्झ. व्हीएफडी डब्यातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा बेस फ्रिक्वेन्सी ५० ला सेट असते, साध्या मोटरसाठी. तशीच ठेवून चालू केलं तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज जातं आणि त्या बारीक वाइंडिंगमधून करंटचा लोंढा, काही मिनिटांत वार्निशचा वास. आमच्या ओळखीतल्या एका पोराचं नवंकोरं स्पिंडल असंच गेलं, विकणाऱ्याने सेटिंगचा कागदच दिला नव्हता, वर म्हणे वॉरंटी नाही. आधी बेस आणि मॅक्स फ्रिक्वेन्सी ४००, रेटेड करंट स्पिंडलवर लिहिलाय तो, मगच वायर जोडायची. आणि व्हीएफडीच्या केबलशेजारून स्टेपरच्या सिग्नलच्या वायरी नेऊ नका, शिल्डेड घ्या, सिग्नलचं शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. शेडला अर्थिंग खरं असलं पाहिजे, पाण्याच्या नळाला बांधलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. हे तीस वर्षांच्या अधिकाराने सांगतोय.

तेव्हा विनंती अशी. असे लेख छापा, जरूर छापा, पोरं वाचतात, माझ्याकडे दोन पोरं तुमचंच कात्रण घेऊन आली होती आणि दोघांनी २८ किलोच्या मोटरी मागवून पण झालेल्या. पण पुढच्या भागात मोटरच्या किलोबरोबर इंडक्टन्स, करंट, वायरींची संख्या आणि किती व्होल्टवर चालवली एवढं एका ओळीत छापा, पाव कॉलम पण लागणार नाही. लेखकाला गॅन्ट्रीचं वजन आणि स्क्रूची चाल पण विचारा, त्याशिवाय त्यांच्या मोटरीचा दुसऱ्याला काही उपयोग नाही. त्या दोन पोरांच्या मोटरी चार वायरींच्या निघाल्या, म्हणजे पॅरलल करायची सोयच नाही, त्यामुळे एकाने ८० व्होल्टपर्यंतचे ड्राइव्ह मागवलेत आणि दुसरा बदलून मिळतात का बघतोय.

सुतारांची जाळी तिसऱ्यांदा कापली, ती बसली. रद्दीवाला काटा मागायला आला होता, त्याला म्हणलं पुढच्या रविवारी ने, त्या पोरांच्या मशीनला लावायचाय.

आपला,
एक रिटायर मेंटेनन्सवाला,
चिखली, पुणे